कोणाच्याही दडपणाशिवाय

ताईबाईच्या तोंडून ‘ण’ आला आणि सिंधूचं पेन थांबलं.

तोवर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. धुळ्याच्या अलीकडे, फागण्यात, ताईबाईच्या पत्र्याच्या ओसरीत ती बाजेवर बसली होती. मांडीवर प्रश्नावली, शेजारी ताईबाईनं आणून ठेवलेला पाण्याचा तांब्या. चैत्रातल्या उन्हानं पत्रा तडतडत होता. ताईबाई खाली जमिनीवर बसून आपल्या बोलीत उत्तरं देत होती. नवऱ्यानं घराबाहेर काढलं कधी, पोटगीची केस कुणी घातली, तारखेला सोबत कोण यायचं. “भाऊ ये. कव्हय नही ऊना तं मी एकलीच जाऊ.” तिच्या बोलण्यात पाण्याचं पानी होतं, कोणाचं कोन होतं. सिंधूचं माहेर बोदवडचं, तिकडची बोली निराळी. पण खानदेशातल्या खेड्यात ‘ण’ची गाठ सहसा पडत नाही हे तिला इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्याकडे तिचं कधी लक्षही जात नसे. मग तिनं तडजोडीचा प्रश्न विचारला. कोर्टाबाहेर मिटवलं ते का मिटवलं? ताईबाईनं पदर सारखा केला, पाठ ताठ केली, आणि तिच्या तोंडून ते आलं: “मी ही तडजोड राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय करेल शे.”

शेवटचे दोन शब्द तेवढे ताईबाईचे होते. बाकीचं वाक्य दुसऱ्याच कुणाच्या तरी जिभेवरून उतरलेलं होतं. कोणाच्याही. दडपणाशिवाय. दोन्ही ‘ण’ टाळूला लागून स्वच्छ, खणखणीत आले होते. आणि हे वाक्य सिंधूनं आधीच्या एका मुलाखतीत, अमळनेरला ऐकलं होतं. झुंबरबाईच्या घरात, शेंगदाणे निवडत बसलेल्या झुंबरबाईनं हातातलं सूप खाली ठेवून, असंच अंग आवरून, याच शब्दांत सांगितलं होतं. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. किती नेमकं बोलली बाई, असं वाटून तिनं ते वाक्य अवतरण चिन्हात घेतलं होतं. प्रबंधाच्या कुठल्यातरी प्रकरणाच्या सुरुवातीला टाकता येईल म्हणून. आता तेच वाक्य परत ऐकताना तिला तळपायाला काहीतरी थंड लागल्यासारखं झालं. तिनं मान वर केली. ताईबाई तिच्याकडे बघत नव्हती. ताईबाईची नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे गेली होती. सिंधूनं वळून पाहिलं. दारातल्या निंबाखाली सुकदेव उभा होता. तो काही करत नव्हता. टोपी काढून डोकं पुसत होता, बस्स.

सुकदेव म्हणजे तिच्या नवऱ्याचा कारकून. शालिग्राम नारखेडे जळगावच्या कोर्टात वकिली करत होते, आणि सुकदेव त्यांच्या हाताखाली वकिलीच्या पहिल्या वर्षापासून होता. कुठल्या कोर्टात कुठलं प्रकरण कितव्या माळ्यावर धूळ खात पडलंय हे त्याला पाठ असे. सिंधू कायद्याच्या कॉलेजात शिकवायची, आणि गेल्या वर्षापासून पीएच.डी.ला बसली होती. विषय पोटगीच्या खटल्यांतल्या तडजोडींचा होता. नवऱ्यानं टाकलेल्या बायका कोर्टात जातात, आणि निकाल लागायच्या आधीच मिटवून मोकळ्या होतात, का? कायद्याची पुस्तकं, निवाडे, हे एक टोक. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. बायकांना भेटून विचारायला हवं होतं. अशा बायका शोधायच्या कुठे, हा प्रश्न पडला तेव्हा शालिग्राम म्हणाले होते, “अगं, आपल्या ऑफिसात काय कमी आहेत? सुकदेव देईल काढून. तो घेऊनही जाईल.” केवढा भार हलका झाला होता त्या दिवशी.

परतताना सुकदेवला धुळ्याच्या कोर्टात काम होतं आणि सिंधूला भारंबे सरांकडे जायचं होतं. भारंबे सर तिचे मार्गदर्शक. दोघं एकाच बसनं धुळ्याला निघाले. सुकदेव पुढच्या बाकावर बसला होता. त्याच्या मानेवरच्या घामाच्या रेघेकडे बघत ती मनात म्हणाली, हा माणूस मी यायच्या आधी इथे येऊन गेलाय का? आणि मग लगेच, छे. आणि मग परत, का नाही? खिडकीतून कोरडी शेतं, कपाशीच्या उपटून टाकलेल्या पळकाट्यांचे ढीग मागे जात होते. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “सुकदेव, तुम्ही ताईबाईकडे आधी कधी आला होता?” तो मागे वळला. “म्हंजे काय वहिनी? केस चालली तव्हा कितीदा आलो. नोटीस होती, तडजोडीचं होतं.” “हल्ली?” “हल्ली काय काम?” असं म्हणून तो हसला आणि पुढे वळला. त्याच्या हसण्यात काही नव्हतं. पण ‘नाही’ असं काही तो म्हणाला नव्हता.

भारंबे सर निवृत्तीला आले होते. देवपुरातल्या त्यांच्या घरी समोरच्या खोलीत वाळ्याचा पडदा होता आणि ते त्याच्यावर स्वतः पाणी मारत बसत. सिंधूनं ओला वास नाकात घेतला. पहिल्याच भेटीत त्यांनी तिला सांगितलं होतं की संशोधनाचा अर्धा भाग संशय असतो. मिळालेल्या प्रत्येक गोष्टीला विचारायचं, तू इथे कशी आलीस. तिला ते तेव्हा फार आवडलं होतं. वर्गात ती मुलांना हेच सांगायची. साक्ष, कागद, आकडा, कशावरही एकदम विश्वास ठेवू नका. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. उतरवून घेणं वेगळं.

“सर, दोन बायकांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी आली तर काय समजायचं?”

सरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “दोघींवर सारखीच वेळ आली असेल. नाहीतर दोघींना कुणी शिकवलं असेल. नाहीतर तुमचा प्रश्नच असा असेल, की त्याला दुसरं उत्तर देता येत नाही. यातलं तुमच्या मनात पहिलं काय आलं?”

“सारखी वेळ आली असेल, हे,” सिंधू म्हणाली.

सर तिच्याकडे बघत राहिले. “नमुना तुम्ही मिस्टरांच्या ऑफिसातून घेतलाय ना? मी तेव्हाच म्हणालो होतो, हा सोयीचा नमुना झाला. चालतो, नाही असं नाही. पण तसं प्रबंधात लिहावं लागेल. आणि लिहिताना, मिस्टर या केसेसमध्ये कुणाच्या बाजूनं होते, तेही.”

नवऱ्यांच्या बाजूनं. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. बायकांचे वकील वेगळे, शालिग्राम नवऱ्यांचे वकील. तडजोड घडवून आणायची ती त्यांनीच. पण हे वाक्य सरांनी असं पाण्याच्या वासात, सावकाश, शेवटी जोडल्यासारखं उच्चारलं तेव्हा तिला ते नव्यानं कळल्यासारखं झालं. जळगावला परतताना, पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली असताना, तिला आणखी एक आठवलं. ‘तडजोड ही बहुतेक वेळा स्त्रीनं आपण होऊन केलेली निवड असते’, हे तिचं गृहीतक. त्यावर तिचा सगळा प्रबंध उभा. ते तिला सुचलं कधी? जेवताना. पानात वांग्याचं भरीत होतं, कळण्याची भाकरी होती, आणि शालिग्राम म्हणाले होते, “लोकांना वाटतं आम्ही बायकांवर जबरदस्ती करतो. बायकांनाच ते हवं असतं गं. तू विचारून तर बघ.” ती म्हणाली होती, हे गृहीतक म्हणून चांगलं आहे. आणि हात धुवून लिहून ठेवलं होतं. बसमध्ये कंडक्टर तिकिटं विचारत पुढे गेला. म्हणजे प्रश्न त्यांचा, बायका त्यांच्या, वाट दाखवणारा माणूस त्यांचा. मग आपलं काय?

घरी आल्यावर शालिग्रामनी तिला कैरीचं पन्हं दिलं. त्यांनी स्वतः केलेलं होतं. ते असे होते. कॉलेजात लागायला त्यांनीच तिला पाठवलं, सासूबाई कुरकुरल्या तेव्हा त्यांनीच निभावून नेलं. “काय म्हणाली ताईबाई?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न ते प्रत्येक मुलाखतीनंतर विचारत. आजवर तिला वाटायचं, किती आस्था आहे यांना. आज पन्ह्याचा पेला ओठाला लावताना ती त्यांचे डोळे बघत होती. “विशेष काही नाही,” ती म्हणाली. “नीट बोलली ना?” “हो. नीट बोलली.” ते समाधानानं मागे टेकले. निदान तिला तरी ते समाधान वाटलं. तीच टेकण्याची रीत, जी साक्षीदार चांगला बोलला की कोर्टाच्या बाकावर असायची.

लग्न होऊन आली तेव्हाची एक गोष्ट तिच्या मनात कायम होती, पण आजवर ती विनोदी गोष्ट होती. पुढच्या खोलीत शालिग्राम साक्षीदार तयार करत असत. ती चहा घेऊन जायची. शेतातून आलेला एखादा म्हातारा आबा घाबरून बसलेला असायचा आणि शालिग्राम त्याला प्रेमानं सांगत असायचे, “आबा, घाबरायचं नाही. जे आहे तेच सांगायचं. फक्त मी सांगतो तसं सांगायचं.” मग आबा तेच तेच वाक्य म्हणून दाखवायचा. चुकला की शालिग्राम न रागावता परत म्हणायला लावायचे. नवी नवरी दाराआड तोंडाला पदर लावून हसायची. बोदवडला माहेरी गेल्यावर तिनं ही नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. आता ती कपाटासमोर उभी राहून साड्यांच्या घड्या नीट करत होती आणि त्या खोलीतला आवाज ऐकत होती. न रागावता. हेच तिला खुपत होतं. रागावून शिकवलेलं विसरता येतं; न रागावता शिकवलेलं माणूस आपलं म्हणून बाळगतो. मग तिलाही न रागावता काय काय शिकवलं गेलं असेल, याचा तिला अदमास लागेना.

पुढचे दिवस ती बारीकसारीक गोष्टींना कान देत राहिली. सुकदेव सकाळी आला की शालिग्राम त्याच्याशी अंगणात बोलत. आधीही बोलत असतील, पण आता तिला ते अंगणात बोलतात हे दिसलं. ती पुढच्या खोलीत गेली की बोलणं थांबतं का? कधी थांबायचं, कधी नाही. थांबलं तर ती आल्यामुळे थांबलं, नाही थांबलं तर तिला दाखवायला चालू ठेवलं, अशी तिच्या मनाची गत झाली. वर्गात ती सूचक प्रश्न शिकवत होती. ज्या प्रश्नाच्या पोटातच उत्तर असतं तो. ‘तुमचा नवरा तुम्हाला मारायचा ना?’ असं विचारू नका, ‘नवरा कसा वागायचा?’ असं विचारा. शिकवता शिकवता तिला वाटलं, आपण हल्ली घरात बोलतो ते सगळे प्रश्न सूचकच आहेत. “तुम्ही सुकदेवला फागण्याला पाठवलं होतं ना?” असं ती एकदा विचारून बसली होती आणि शालिग्राम भांबावून म्हणाले होते, “तुझ्याबरोबरच नाही का पाठवलं?” हे उत्तर तिनं किती वेळा उलटसुलट करून पाहिलं. खरंही तसंच वाजतं, खोटंही तसंच.

चोपड्याच्या भागाबाईची मुलाखत सोमवारी ठरली होती. तसं शालिग्रामना माहीत होतं, सुकदेवलाही. शनिवारी सकाळी सिंधू म्हणाली, “मी धुळ्याला जाऊन येते, सरांकडे.” लग्नानंतर एवढं सरळ खोटं ती प्रथमच बोलत होती, आणि ते इतकं सहज निघालं की तिला स्वतःचीच भीती वाटली. स्टँडवर ती धुळ्याच्या फलाटावरून पुढे गेली आणि चोपड्याच्या गाडीत बसली. आपण चाचणी घेतो आहोत, असं ती स्वतःला सांगत होती. भागाबाईला कुणी शिकवणार असेल तर त्याला सोमवारपर्यंत वेळ आहे, आज अजून शिकवलेलं नसेल. आज जर ती वेगळं बोलली, आणि मागून कधी तेच वाक्य बोलली, तर सिद्ध. आज जर वाक्य आलंच नाही, तर निदान एक उत्तर तरी स्वच्छ. विदगावच्या पुलावरून गाडी जाताना तिनं खाली पाहिलं. तापी उन्हाळ्यात आकसली होती, वाळूत टरबुजाच्या वाड्या लागल्या होत्या. धानोरा गेलं, अडावद गेलं. दोन्ही बाजूंना केळीची हिरवी गर्दी आणि मागे सातपुड्याची धुरकट रेघ. आपण कुणाच्या मागावर निघालो आहोत, हे तिच्या मनात स्पष्ट होतं, आणि ते नाव ती मनातल्या मनातही घेत नव्हती.

भागाबाई गावाच्या कडेला राहायची. केळीच्या मळ्यात मजुरीला जायची. आज घरी होती, पाय सुजला होता. सिंधू दारात उभी राहताच ती भिंतीला धरून उठली. “तुमी नारखेडे वकीलना घरना ना? पन तुमी तं सोमवारले येनार व्हतात.”

सिंधू उंबऱ्यावरच थांबली. “कुणी सांगितलं सोमवारचं?”

“सुकदेवभाऊनी निरोप धाडा व्हता.”

“आणखी काय सांगितलं?”

“हाईच. बाई येतीन, चांगलं बोलजो.”

चांगलं बोलजो. सिंधू बाजेच्या कडेला बसली. चांगलं बोल, म्हणजे आलेल्या माणसाशी नीट बोल, मान दे. कुठलाही माणूस कुठल्याही घरी असा निरोप देतो. आणि चांगलं बोल, म्हणजे आमचं चांगलं बोल. शब्द एकच. तिनं प्रश्नावली काढली. नाव, वय, केस केव्हाची, तारखा. सगळं नेहमीच्या क्रमानं. आणि तडजोडीच्या प्रश्नाला भागाबाईनं सुजलेला पाय जवळ ओढून घेतला, मान सरळ केली आणि म्हटलं, “मी राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय सही करेल शे.”

तेच ‘ण’. सिंधूनं पेनाला टोपण लावलं. “भागाबाई, हे वाक्य तुम्हाला कुणी शिकवलं?”

भागाबाई घाबरली. एकदम घाबरली, चेहराच बदलला. “कसाले? काही चुकनं का? मी बठ्ठं बरोबर म्हनी ना?”

“चुकलं नाही. पण कुणी शिकवलं?”

“मना वकीलनी. कोर्टमां साहेब इचारस ना, तव्हय म्हनानं पडस. दोन-चार डाव म्हनाडी लिधं मनाकडथून, भाईर, चिंचना झाडखाले. म्हने, असंच म्हनशी तं साहेब कागद मंजूर करी. नहीतर बठ्ठं परत.” मग ती पुढे वाकली, आवाज बारीक केला. “बाई, तुमी कोर्टनाच मानसं ना? मी काही येगळं बोलनू तं पोटगी बंद तं नही व्हनार?”

म्हणजे हे असं होतं. भागाबाईच्या स्वतःच्या वकिलानं. कोर्टासाठी. साहेबांसमोर म्हणायला. आणि या बायकांना सिंधू दिसली ती कागद घेऊन आलेली बाई, कोर्टाची बाई. पुन्हा एकदा विचारायला आलेली, मागचं उत्तर हेच आहे ना ते पडताळायला. तिनं कितीही सांगितलं की मी कॉलेजातून आले आहे, हे अभ्यासासाठी आहे, तरी अभ्यासासाठी कोण एवढ्या उन्हात येतं? त्यांनी तिच्यावर संशय घेतला होता, आणि त्या संशयापायी तेच वाक्य तिच्यापुढे ठेवलं होतं. सिंधूला हायसं वाटायला हवं होतं. शालिग्राम यात नव्हते. एक क्षण तसं वाटलंही. पण लगेच मागून: चांगलं बोलजो.

तिनं कागद पिशवीत घातले. “मी कोर्टाची नाही. तुमची पोटगी कुणी बंद करणार नाही. आता कागदही नाही. मला नुसतं सांगा, मिटवावं असं तुम्हाला वाटत होतं का?”

भागाबाई बराच वेळ पायावर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “माले तं मिटाडनं नव्हतं.”

“मग जबरदस्ती झाली?”

“नही वं माय. जबरदस्ती कोन करी? तुमना मालक तं भला मानूस. माले म्हनेत, अक्का, कितला दिन चकरा मारशी, तुना पाय दुखस.” ती थांबली. “पन तारीख राहे तव्हय तो ये.”

“कोण?”

“मना घरवाला. जळगावतीन ये. समोरना बाकडावर बठे. मनाकडे देखे नही. पन माले दखाये तरी. एक डाव त्याना शर्टना खांदा उसवेल व्हता.” तिनं दाराबाहेर पाहिलं. “आते पैसा पोस्टमां येतस. तो कोठे दखास?”

सिंधूकडे याला रकाना नव्हता. राजीखुशी, दडपण, दोन्हीच्या चौकटी तिच्या प्रश्नावलीत होत्या. तारखेला नवरा दिसायचा म्हणून खटला चालू राहावा, याची चौकट तिनं आखली नव्हती, भारंबे सरांनी सुचवली नव्हती, कुठल्या निवाड्यातही नव्हती. भागाबाई खरं बोलत होती का? की वकिलाच्या बाईनं कागद मिटले म्हणून आता दुसरं काहीतरी, बाईला आवडेल असं, सांगत होती? हा विचार आला आणि सिंधूला स्वतःची शिसारी आली. पण तो आला. भागाबाईनं गूळ-पाणी पुढे केलं, तिनं ते घेतलं, आणि गूळ जिभेवर विरघळत असताना ती त्या बाईचा चेहरा वाचत राहिली.

परतीच्या बसमध्ये तिनं ठरवलं. ऑफिसातून आलेली सगळी नावं काढून टाकायची. जिल्हा कोर्टाच्या नोंदींतून, डोळे मिटून काढावीत तशी नवी नावं काढायची, ज्यांच्याशी शालिग्रामचा संबंध नाही. गृहीतक नव्यानं मांडायचं, किंवा मांडायचंच नाही. आधी बायकांना बोलू द्यायचं. वर्ष-दीड वर्ष मागे जाणार. सर म्हणतील, जाऊ द्या मागे. हे ठरवताना तिला पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं. पूल परत आला, तापी परत आली, उन्हं उतरली होती आणि वाडीतली माणसं टरबुजं बैलगाडीत भरत होती.

घरी पोहोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. शालिग्राम ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. कोर्टाचा पांढरा शर्ट अंगावर तसाच.

“बोदवडहून तुझ्या भावाचा फोन होता,” ते म्हणाले. “उद्या येतोय. म्हटलं तुला कळवावं, म्हणून धुळ्याला सरांकडे फोन लावला.”

सिंधू पायरीवर उभी राहिली. चपला काढायची तिला आठवण राहिली नाही. “मी चोपड्याला गेले होते.”

“सोमवारी जायचं होतं ना?”

“हो.”

“मग मला कळू नये म्हणून आज.”

“हो.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. हा आवाज तिनं पुढच्या खोलीत ऐकला होता. ते पुढे म्हणाले, “काय बघायचं होतं, सिंधू?”

“तुम्ही बायकांना शिकवून ठेवता का, ते.”

खुर्चीच्या हाताची निघालेली वेताची काडी शालिग्रामनी बोटानं दाबून बसवली. ती परत वर आली. तिला वाटलं ते हसतील, किंवा संतापतील. दोन्हींची तयारी तिनं बसमध्ये केली होती. त्यांचा चेहरा दमलेला दिसत होता, आणि दुखावलेला. हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता, म्हणून तो खरा असावा असं तिला वाटलं. आणि कधी पाहिला नव्हता, म्हणूनच तिची खात्री होईना.

“मग काय निघालं?” त्यांनी विचारलं.

“अजून काही नाही.”

“अजून,” ते म्हणाले.

तिला तो शब्द परत घ्यायचा होता. नाही, काहीच निघालं नाही, तो बायकांच्याच वकिलानं शिकवलेला पाठ होता, तुमचं नावही त्यात नाही, भागाबाई तर तुम्हाला भला माणूस म्हणाली, असं सगळं सांगायचं होतं. ते सगळं खरं होतं. ती तोंड उघडणार तोच फाटकाची कडी वाजली. सुकदेव आला होता, सायकल हातात धरून, रोजच्यासारखा संध्याकाळचे कागद घेऊन. त्यानं आधी साहेबांकडे पाहिलं, मग वहिनींकडे, आणि तो तिथेच थांबला.

शालिग्राम उठले आणि फाटकाकडे चालू लागले. सिंधूही पायरी उतरली आणि त्यांच्या मागोमाग निघाली, दोघांचं बोलणं ऐकायला की त्यांच्या बाजूनं उभं राहायला, हे तिचं तिलाही ठरवता येईना. फाटकापाशी पोहोचली तेव्हा ती त्यांच्या बरोबरीनं होती.